कायमचा पत्ता

माझ्या हातून किती लग्नं लागली, याचा आकडा निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात सांगितला. टाळ्याही पडल्या. मला स्वतःला विचाराल तर त्यातलं एकही धड आठवत नाही. आठवतं ते एकच, आणि ते लागलं नाही.

मी विवाह अधिकारी होते. हे सांगितलं की समोरच्या बाईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “म्हणजे वधूवर सूचक मंडळ का हो?” नाही हो. स्थळं जुळवणं माझं काम नव्हतं, जुळलेल्यांना कायद्याने बांधून देणं हे माझं काम. आमच्या जुळे सोलापुरातल्या कॉलनीत तर मला बरीच वर्षं कोणी हळदीकुंकवाला बोलवायला बिचकायचं. आपली मुलगी या बाईच्या नजरेला पडली तर परस्पर लग्न लावून देईल, असं काहीतरी त्यांना वाटत असावं.

आमच्याकडचं लग्न अगदी रुक्ष. मुलगा-मुलगी येतात आणि नोटिशीचा फॉर्म भरतात. ही नोटीस कचेरीबाहेरच्या फलकावर तीस दिवस लावलेली असते. त्या मुदतीत कोणाला हरकत घ्यायची असेल तर घ्यावी. महिना उलटला की दोघांनी तीन साक्षीदार घेऊन यायचं. माझ्यासमोर उभं राहून एकमेकांना म्हणायचं, की मी तुला माझा कायदेशीर पती, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारते, स्वीकारतो. मग सह्या. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत हे झालं नाही तर नोटीस रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अक्षता नाहीत, मंगलाष्टकं नाहीत. बाहेरून आणलेले दोन हार आणि एक पेढ्यांचा बॉक्स, एवढाच थाट.

पण त्या एका वाक्याची लोकांना काय धास्ती! एक उंचापुरा पैलवान गडी घामाने चिंब झाला आणि “कायदेशीर सल्लागार म्हणून स्वीकारतो” म्हणाला. नवरी शांतपणे म्हणाली, “चालंल की.” मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. वाक्य दोघांना समजेल अशा भाषेत म्हटलं तरी चालतं, म्हणून विणकर वस्तीतली जोडपी तेलुगूत म्हणायची. मला अक्षर कळायचं नाही, पण नवरीचा चेहरा बघून वाक्य बरोबर झालं की नाही ते कळायचं.

हरकतींचं वेगळंच. कायद्यात हरकतीला मोजकी कारणं आहेत. आधीचा नवरा किंवा बायको हयात आहे, वय कमी आहे, जवळचं रक्ताचं नातं आहे, अशी. लोकांना वाटतं, हरकत म्हणजे राग. एक गृहस्थ भलामोठा अर्ज घेऊन आले, त्यात कारण लिहिलं होतं, “आम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.” मी म्हटलं, काका, हे कारण कायद्यात नाही. ते म्हणाले, “मग कायद्यात घाला.” त्या दिवशी मला हसू आलं होतं. पुढे अशा माणसांचं हसू येईनासं झालं.

या खुर्चीत बसले तेव्हा मी पंचेचाळिशी गाठलेली. त्याआधीची नोकरी खरेदीखतं आणि बक्षीसपत्रं नोंदवण्यात गेलेली. जमिनीच्या कागदात एक गट नंबर चुकला तर तीन पिढ्या कोर्टात जातात, त्यामुळे दोनदा तपासल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय हाडात मुरलेली. खरं तर ती त्याच्याही आधीची. माझं लहानपण श्रीपूरला गेलं. वडील साखर कारखान्यात उसाच्या गाड्या तोलायच्या काट्यावर होते. सगळी वसाहत त्यांना काट्यावरचे दादा म्हणायची. ओळखीच्या माणसाची बैलगाडी काट्यावर आली की दादा वजन दोनदा बघायचे. अनोळखी माणसाचं एकदा, ओळखीच्याचं दोनदा. मी विचारलं तर म्हणाले, “वळखीचा हाय म्हणून ढील दिली, असं कुणी म्हणू ने.” मला दादांचा फार अभिमान वाटायचा. आजही वाटतो, पण त्या अभिमानात आता एक खडा आहे.

तर मी नवी अधिकारी आणि माझे शिपाई जुने. महिबूबचाचा. फलकावर नोटिसा लावायचं काम त्यांचं. रोज सकाळी दोन-तीन माणसं फलकापाशी यायची आणि पेपर वाचावा तशा सगळ्या नोटिसा वाचून काढायची, मोबाईलमध्ये फोटोही घ्यायची. त्यांचा कुठल्याच लग्नाशी संबंध नसायचा. चाचा मुद्दाम त्याच वेळी झाडू काढायचे आणि त्यांच्या पायावर धूळ उडवायचे. “मॅडम, इनकू दुसरा काम नै क्या?” म्हणायचे. मी त्यांना सांगायचे, चाचा, फलक सगळ्यांसाठी आहे, वाचू द्या. कायद्याने माझंच बरोबर होतं.

मला रुजू होऊन तिसरा महिना चालू होता तेव्हा संतोष आला. दारातूनच म्हणाला, “ताई, वळखलं का?” श्रीपूरचा. त्याचे वडील कारखान्यात फिटर, आमच्या दादांचे दोस्त. मी त्याला शेवटचं पाहिलं ते चड्डीत. आता सोलापुरात दुचाकीच्या शोरूममध्ये नोकरीला होता. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी मी सावधही झाले. म्हटलं, “इथं ताई नाही. मॅडम म्हण.” त्याने मान हलवली. मागे मुलगी उभी होती, ती हसली.

तिचं नाव महानंदा. गाव मैंदर्गीच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून. गावाचं नाव लिहीत नाही. घरी कानडी, शाळा मराठी. शहरात एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती आणि दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. दोघांच्या जाती वेगळ्या होत्या. त्याशिवाय माझ्याकडे येण्याची वेळ फार कमी जणांवर येते. तिचं अक्षर मात्र बघत राहावं असं. लॅबमधल्या बाटल्यांवर बारीक चिठ्ठ्या लिहून लिहून वळण लागलेलं, छापल्यासारखं. मी तसं बोललेही. ती लाजली.

फॉर्म भरता भरता तिचा पेन थांबला.

“मॅडम, हितं कायमचा पत्ता लिहायचाय. कंचा लिहू?”

“आधारकार्डावर आहे तो.”

“त्यो गावचा हाय. तितं मी आता ऱ्हात न्हाय की. चार वर्सं झाली.”

“म्हणून तर दोन रकाने आहेत. सध्याचा खोलीचा लिही, कायमचा गावचा.”

“आन लगीन झाल्यावर?”

“मग कायमचा बदलेल.”

तिला त्याचं हसू आलं. “म्हंजे कायमचा कायम नसतोयच की मॅडम.” मीही हसले. माझ्या स्वतःच्या सर्व्हिस बुकात कायमचा पत्ता तीनदा खोडला होता.

तिने गावचा पत्ता लिहिला. मग खुर्ची थोडी पुढे ओढून हळू आवाजात विचारलं, “घरी काय पत्रबित्र जात न्हाय न्हवं? आमचं अप्पा लई तापट हैत. लगीन झाल्यावर मी जाऊन पाया पडनार हाय. पर आदी कळलं तर मला सोडनार न्हाईत.”

“घरी काही जात नाही,” मी म्हटलं. “फक्त फलकावर लागतं.”

हे खरं होतं. दोघंही याच जिल्ह्यातले, त्यामुळे नोटिशीची प्रत दुसऱ्या कुठल्याही कार्यालयाला पाठवायची नव्हती. घरी पाठवायचा तर नियमच नाही. मी तिला दिलेला शब्द नियमाला धरून होता.

दहा-बारा दिवसांनी दुसरंच एक लग्न माझ्यासमोर लागायच्या बेतात होतं. दोघं उभे राहिलेले, हार हातात. तेवढ्यात एक बाई आत शिरली, कडेवर एक पोर, बोटाला एक. तिने माझ्या टेबलावर रेशनकार्ड आपटलं. “त्येच्या नावाखाली पैलं नाव माजं हाय मॅडम. वाचा.” नवरदेवाने फॉर्मवर जो कायमचा पत्ता दिला होता तो खोटा होता. त्या पत्त्यावर कोणी त्याला ओळखतही नव्हतं. नवी नवरी हार हातात घेऊन तशीच भिंतीला टेकून खाली बसली. लग्न थांबलं, पोलीस आले, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या, आणि आठवड्यात मला वरून पत्र आलं: पत्त्याची खातरजमा का केली नाही, याचा खुलासा सादर करावा.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी खुलासा मागितला नव्हता. मी तो लिहिला, चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिला. दोन रात्री जेवण गेलं नाही. मग मी सगळ्या चालू नोटिसा काढून बसले. बाकीच्यांची कागदपत्रं पुन्हा चाळली आणि बाजूला ठेवली. संतोष-महानंदाची चाळून मात्र समाधान होईना. त्यांच्यात काही खोट होती म्हणून नव्हे. संतोष ओळखीचा होता म्हणून. उद्या काही निघालं तर लोक म्हणणार, बाईंच्या गावचा पोरगा, म्हणून डोळे मिटले. ओळखीच्याचं वजन दोनदा.

संतोषच्या पत्त्याचा प्रश्न नव्हता, ते घर मला ठाऊक होतं. राहिला तिचा. मी एक युक्ती काढली आणि स्वतःच्या हुशारीवर खूशही झाले. घरच्यांना पत्र पाठवायचं नाही, पाठवायचं तिच्याच नावाने, तिच्या कायमच्या पत्त्यावर, पोचपावतीसह रजिस्टर. पत्र पोचलं तर पत्ता खरा. परत आलं तर खोटा. घरच्यांना काही कळवलं असं होत नाही, दिलेला शब्दही मोडत नाही. तिच्या नावाचं पाकीट दुसरं कोण कशाला उघडेल?

फॉर्मवर तिचा फोन नंबर होता. एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण फोनला जावक क्रमांक पडत नाही. उद्या खुलासा मागितला तर काय दाखवणार?

पाकीट तयार झालं. चाचांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि पुन्हा माझ्या टेबलावर ठेवलं.

“मॅडम, ये नक्को भेजो.”

“का?”

त्यांनी पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे मीच मारलेला शिक्का होता. प्रेषक: विवाह अधिकारी. “अंदर क्या है वो कौन देखता? गाँव में लिफाफा खोलने की जरूरतच नै पडती. ये बाहर सेच बोलता.”

मी म्हटलं, “चाचा, सरकारी पत्र आहे. शिक्का मारावाच लागतो.”

त्यांना माझ्याशी वाद घालायचा नव्हता, मी नवी होते आणि आधीच चिडलेली होते. “तुम बोले सो,” म्हणाले आणि पाकीट घेऊन पोस्टात गेले. हे सगळं कोणत्या नियमाने झालं नाही, कोणा वरिष्ठाने सांगून झालं नाही. ते मी केलं.

आठवड्यात पोचपावती परत आली. मागे सही होती, कानडी अक्षरात. मला कानडी वाचता येत नाही. पत्र पोचलं, म्हणजे पत्ता खरा. मी पावती फाईलला लावली, टाचणी टोचली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. महानंदा तर फॉर्मवर मराठीत सही करते, मग ही सही कोणाची, हा प्रश्न मला पडला नाही. कागद पुरा झाला की पुढचं मला दिसत नसे, हा माझा दोष.

एकतिसाव्या दिवशी संतोष आला. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत दोन हार, बरोबर मामा, एक मित्र आणि मित्राची बायको असे तीन साक्षीदार. महानंदा नव्हती. आठ दिवसांपूर्वी आई आजारी आहे असा घरून फोन आला म्हणून ती गावी गेली होती आणि तेव्हापासून तिचा फोन बंद होता. तरी आजची तारीख तिला पाठ आहे, ती येणार, असं तो म्हणत होता. दर थोड्या वेळाने दारापर्यंत जायचा. कचेरी बंद व्हायची वेळ झाली तेव्हा मामांनी हारांची पिशवी उचलली. चाचा माझ्याकडे बघत होते. मी टेबलावरचे कागद सारखे करत बसले. तेव्हा मला समजलं होतं. मी फाईल उघडून ती कानडी सही पुन्हा बघितली.

संतोष तिच्या गावी जाऊन आला. त्याला घरापर्यंत पोचू दिलं नाही, ओठ फुटून परत आला. त्याने तक्रार दिली. मुलगी सज्ञान आहे आणि स्वखुशीने नातेवाइकांकडे गेली आहे, असं घरच्यांनी लिहून दिलं. मग तो दर सोमवारी माझ्याकडे यायला लागला. सोमवारी त्याच्या शोरूमला सुट्टी असायची. येऊन बाकावर बसायचा. मी म्हणायचे, अजून मुदत आहे. दोन महिने आहेत, दीड महिना आहे. त्याला तेवढंच ऐकायचं असायचं. दर सोमवारी मी ठरवायचे की आज सांगते, आणि दर सोमवारी तो निघून गेल्यावर मला सुचायचं की कसं सांगता आलं असतं.

शेवटच्या दिवशी त्याने विचारलं. त्या दिवशी तो मॅडम म्हणाला नाही.

“ताई, त्यांना कळलं कसं? आमी कुनालाच बोललो नव्हतो.”

मला तोंड होतं, शब्द होते. समोर बसलेला मुलगा माझ्या वडिलांच्या दोस्ताचा होता. मी म्हणाले, “फलक सगळेच वाचतात रे. फोटो पण काढून नेतात.”

त्याने मान हलवली. “तसंच आसंल,” म्हणाला आणि गेला. मी फाईलवर शेरा लिहिला: पक्षकार गैरहजर, मुदत समाप्त, दप्तरदाखल. खाली सही केली. चाचांनी फलकावरून ती नोटीस केव्हाच काढली होती. तिच्या टाचण्यांची चार भोकं तेवढी राहिली होती. चाचा त्यानंतरही माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. संतोष पुढे पुण्याला गेला. त्याचे वडील अखेरपर्यंत दादांच्या शेजारी बसून चहा पीत राहिले. त्यांना काही माहीत नव्हतं, दादांनाही नव्हतं.

माझी बदली झाली, मग आणखी दोन झाल्या. त्यानंतर ज्या ज्या मुलीने माझ्यासमोर कायमचा पत्ता लिहिला तिला मी आधी विचारायचे, फोन कोणत्या नंबरवर करू. पत्र मी पुन्हा कधी पाठवलं नाही. याने झालेलं भरून निघत नाही, हे मला कळतं. नोकरीची शेवटची दोन वर्षं पुन्हा सोलापूर मिळालं, तीच खुर्ची, तेच टेबल. चाचा निवृत्त होऊन वारले होते. नोटिशीचा फॉर्म आता संगणकावर भरायचा असतो. कायमच्या पत्त्याचा रकाना मात्र आहे तिथेच आहे.

शेवटच्या वर्षी एक मुलगी नोटीस द्यायला आली. रेणुका, नर्सिंगचं शिक्षण नुकतंच संपलेलं. बरोबर मुलगा होता, आणि मागे तिची थोरली बहीण. रेणुकाचं लग्न एकतिसाव्या दिवशी विनाविघ्न लागलं, ते आधीच सांगून टाकते. मी सांगणार आहे ते नोटिशीच्या दिवसाचं.

फॉर्म भरून झाला. थोरली बहीण इतका वेळ गप्प उभी होती. उजवा हात पदराखाली. मी सवयीने सांगितलं, “ही नोटीस आता फलकावर लागेल. घरी काही जाणार नाही.”

“बारा वर्सांमागं बी तुमी हेच म्हनला व्हता,” ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता, म्हणून मला आधी अर्थच कळला नाही. मग मी नीट बघितलं. केस पुढून पांढरे झाले होते. तोंडावरचं हसू कुठेच नव्हतं. मी खुर्चीतून उठले आणि का उठले ते न कळून पुन्हा बसले. मी रेणुकाला आणि मुलाला झेरॉक्स काढायला बाहेर पाठवलं. त्या झेरॉक्सची काही गरज नव्हती.

“बस, महानंदा,” मी म्हटलं.

ती बसली. मला जे संतोषला दोन महिन्यांत सांगता आलं नव्हतं ते मी तिला एका दमात सांगितलं. पत्र मी पाठवलं. नियम नव्हता, तरी पाठवलं. माझ्या भीतीपोटी पाठवलं. ती ऐकत होती. तिला नवीन काहीच नव्हतं.

“पाकीट दावलं मला अप्पांनी. वरचा शिक्का दावला. आत काय हाय ते वाचू दिलं न्हाय. चुलीत घातलं.” मग म्हणाली, “मी पळाले व्हते दारापातूर. भावानं दार लावलं, मी मदी हात घातला. दार लावलंच त्येनं.” तिने पदराखालून हात काढून टेबलावर ठेवला. मनगट वाकडं जुळलं होतं, बोटं मिटत नव्हती. “दवाखान्यात न्हेलं न्हाय. दवाखान्यात विचारत्यात की. पंधरा दिसांत लगीन लावलं, तिकडं कर्नाटकात, इंडीकडं. मानूस वाईट न्हाय. बोलत न्हाय, एवढंच.”

मी रडले. माझ्या खुर्चीत बसून, पक्षकारासमोर, पहिल्यांदा आणि शेवटचं. तिने मला थांबवलं नाही आणि समजावलंही नाही. माझं झाल्यावर तिने विचारलं, “त्यांनी कागद माघारी घेतला व्हता म्हनं. दुसऱ्याच दिशी.”

“कोण म्हणालं?”

“घरात सांगितलं मला.”

“संतोष दोन महिने आला. दर सोमवारी. त्या बाकावर बसायचा.”

तिने वळून बाकाकडे बघितलं. “आले व्हते व्हय,” म्हणाली. तेवढंच.

मग मी विचारलं, “मग तू रेणुकाला याच कचेरीत कशी आणलीस?”

“दुसरं कुटं न्हेऊ? तिला एकलीला धाडायचं नव्हतं. मी बघनार हाय, काय काय कागद निगतोय त्यो.” आणि मग, “मॅडम, त्या पाकिटात काय लिवलं व्हतं? माज्या नावाचं व्हतं की ते. मी काय काय समजून बसले इतकी वर्सं. वाटायचं, तुमी मला कायतरी सांगत व्हता.”

जुनी दप्तरं नष्ट करायच्या यादीत ती फाईल एकदा आली होती. मी तिचा नंबर यादीतून खोडला होता आणि कारण लिहिलं नव्हतं. कपाटात ती कुठे आहे हे मला माहीत होतं. मी काढून आणली. पत्राची कार्यालयीन प्रत तिच्यासमोर ठेवली. टाचणी गंजून कागदावर तांबडा डाग पडला होता.

तिने ओठ हलवत वाचलं. विषय: कायमच्या पत्त्याची खातरजमा. आपण वरील पत्त्यावर राहता किंवा कसे, हे सात दिवसांत या कार्यालयास कळवावे.

तिने कागद पलटून मागची बाजू बघितली. मागे काही नव्हतं.

“एवढंच?”

“एवढंच.”

ती पुन्हा पुढच्या बाजूला आली. माझ्या टेबलावरचा पेन तिने डाव्या हातात घेतला, उजव्या मनगटाने कागद दाबून धरला. पहिलीतल्या पोराने पाटीवर लिहावं तसं मोठं, वाकडं, एकेक अक्षर जोर देऊन लिहायला तिला खूप वेळ लागला. माझ्या सहीच्या खाली तिने लिहिलं: नाही. राहत नाही.

मग स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. बाहेर रेणुकाचा आवाज आला, झेरॉक्स मिळाली होती. महानंदाने हात पुन्हा पदराखाली घेतला.

मी आवक नोंदवही ओढली, पत्राला नंबर दिला आणि त्यावर त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का मारला.